आधी खिडकी सांग

झाड नंतर. आधी खिडकी सांग, रोदिओन.
ओका नदीकडे उघडते की कारखान्याच्या भिंतीकडे?
डिसेंबरात किती वाजेपर्यंत पेपर वाचता येतो दिव्याशिवाय?
खाली रेडिएटर आहे? हात ठेवून बघितलास कधी?
नाही. पुरुषमाणसं खिडकीतून बाहेर बघतात,
खिडकीकडे बघत नाहीत.

बूट काढ. तिथं नको, तिथं रोपं आहेत.

हात लावलास ते पाँडेरोसा.
सगळे आधी त्याच्यावरच हात ठेवतात.
फळ तान्ह्या पोराच्या डोक्याएवढं,
जुन्या मोज्याची झोळी करून फांदीला टांगावं लागतं.
साल बोटभर जाड, आत रस चमचाभर.
शेजाऱ्यांना दाखवायचं असेल तर ने.
चहात पिळायचं असेल तर नको.

मेयर गोड स्वभावाचं,
पण हिवाळ्यात त्याला गार खोली लागते,
आणि तुमच्या नव्या इमारतीत तर
जानेवारीत लोक बनियनवर हिंडतात.
आठवड्यात सगळी पानं गाळील
आणि तू मला फोन करशील रात्री अकराला.
कुमक्वातचंही तेच रडगाणं.

कालामोंदिन? फळतं ते, मरमर फळतं.
गोट्यांएवढी नारिंगी फळं, देखणी,
आंबट मात्र अशी की माझा नवरा,
जन्मभर कुलपं घासून आला की उभ्याउभ्या
काकडीच्या लोणच्याचं पाणी पिणारा माणूस,
तोही एक डोळा मिटायचा.

आपल्या गावचं घे. पावलोवोचं.
अंधार सोसतं, कोरडी हवा सोसतं,
स्वयंपाकघरातली भांडणंसुद्धा.
साल पातळ. सालीसकट कापायचं, वर साखर.
रात्रपाळी आहे ना तुझी?
मग पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेव, नळाचं थेट नको.
पानं महिन्यातून एकदा साबणाच्या फडक्यानं पूस, खालूनही.
कुंडीवर खडूनं खूण कर: ही बाजू काचेकडे.
आणि फिरवू नकोस. लिंबाला फिरवलेलं खपत नाही.

काय?

आईचं?

ठाऊक आहे मला, घर रिकामं करताना गेलं ते.
बाल्कनीत ठेवलं होतंस ऑक्टोबरात, एका रात्रीपुरतं.
मी तेव्हा काही बोलले नाही.

ते बघ. कपाटाच्या बाजूला, रंग उडालेल्या निळ्या डब्यात.
अकरा वर्षं झाली, तिनं मला फांदी दिली,
मी तिला मधाची बरणी.
बी पेरलेलं नव्हे, फांदी रुजवलेली.
म्हणजे तिच्या झाडाचं पोर नव्हे ते.
तेच झाड,
इकडे राहायला आलेलं.

पण खरं सांगू? आळशी आहे.
दोन वर्षांत एक फळ, तेही वाकडं.
काटे मात्र नेमानं.
तुझी आई म्हणायची, उत्तरेच्या खिडकीत वाढलंय, घाई नाही त्याला.
मी म्हणायचे, तुझे लाड, कापितोलिना.
नेऊ नकोस ते. हे घे, याला पाच कळ्या आहेत,
मोजून बघ.

मोजतही नाहीस.

बरं. ने.
पैसे ठेव खिशात, फांदीचे पैसे मी घेत नाही.
ते रुजलं, वाढलं, की एखाद्या वसंतात
एक फांदी मला आणून दे.
कपाटाजवळची जागा तोवर मोकळीच राहील,
मी तिथं दुसरं काही ठेवणार नाही.

आता नीट ऐक, बाहेर उणे बावीस आहे.
शेंड्याला वर्तमानपत्र गुंडाळ, दोन पदर.
कोटाची वरची बटणं सोड, डबा आत घे, पोटाशी धर,
जसं आपण एखाद्या
नाही, नुसता धर.
बसमध्ये दाराजवळ उभा राहू नकोस.
काटा टोचेल. टोचू दे.
पोचलास की फोन कर.
अकराच्या आत.